रिक्रिएशन अँड स्पोर्ट मॅनेजमेंट : पदवी हातात पडेपर्यंत काय काय लागलं

२०२२ ते २०२४ या काळात मी अमेरिकेत ‘रिक्रिएशन अँड स्पोर्ट मॅनेजमेंट’ या विषयात मास्टर्स केलं. परत आल्यापासून ओळखीतले पालक फोन करतात. मुलगा किंवा मुलगी खेळाडू असते, बारावी किंवा पदवी झालेली असते आणि पुढेही खेळाच्याच क्षेत्रात राहायचं असतं. प्रश्न बहुतेक एकच असतो : प्रवेशाला काय लागतं? ते सगळं विद्यापीठांच्या माहितीपत्रकात असतं. पदवी मिळेपर्यंत काय काय लागतं, ते मात्र आधी कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून माझ्या बाबतीत जे झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे.

मी सांगलीची. शाळेपासून खो-खो खेळले, पुढे विद्यापीठाच्या संघातून खेळले. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. झाले. खेळ कमी झाला तशी मी आमच्या क्रीडा मंडळाच्या स्पर्धांचं काम बघायला लागले. मैदानाची आखणी, पंचांचं मानधन, बाहेरगावच्या संघांची उतरायची सोय, शेवटी हिशेब. एका निमंत्रित स्पर्धेत मुलींचे संघ ज्या शाळेत उतरले होते तिथे रात्री पाणी गेलं. संडासाच्या दारांना कड्या नव्हत्या. रात्री उशिरा टँकर शोधत फिरलो आणि सकाळी त्याच मुली सामना खेळल्या. कुणी तक्रार केली नाही, कारण सगळ्यांना याची सवय होती. मला फार वाईट वाटलं. खेळायला आलेल्या माणसाला नीट खेळता यावं, याची व्यवस्था करणं हे शिकण्यासारखं काम आहे, हे तेव्हा मनात पक्कं झालं.

बाबा आणि मी पुण्यात परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथे मोठमोठ्या स्टेडियमची चित्रं दाखवली. बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांची नावं सांगितली. इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, बँकेतली रक्कम, व्हिसा, सगळं सविस्तर सांगितलं. पदवीला किती क्रेडिट लागतात, इंटर्नशिप सक्तीची असते का, उन्हाळी सत्राची फी वेगळी पडते का, यातलं काहीच तिथे निघालं नाही. बाबा एका पतसंस्थेत नोकरी करायचे. त्यांनी एकच विचारलं, “हिची तीन वर्षांची पदवी तिकडे चालते ना?” उत्तर मिळालं, “चालते, चालते.”

पहिली अडचण तिथेच आली. अमेरिकेत बॅचलर्स पदवी साधारण चार वर्षांची आणि १२० क्रेडिटची असते. आपली बी.कॉम. तीन वर्षांची. दोन विद्यापीठांनी स्वच्छ कळवलं की चार वर्षांचं शिक्षण नसेल तर मास्टर्सचा अर्ज विचारात घेणार नाही. अर्जाचं शुल्क परत मिळत नाही. इतर विद्यापीठांनी गुणपत्रकांचं मूल्यमापन करून आणायला सांगितलं. हे काम करणाऱ्या खासगी संस्था आहेत. त्या प्रत्येक विषयाची क्रेडिट आणि ग्रेड अमेरिकी पद्धतीत मांडून देतात. त्यांना ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून बंद पाकिटात किंवा थेट ऑनलाइन जावी लागते, आपण हाताने दिलेली चालत नाही. काही संस्था कॉलेजचा नॅकचा दर्जाही बघतात. माझ्या कॉलेजचा दर्जा चांगला होता म्हणून माझं निभावलं. कोल्हापूरला विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टसाठी खेपा घालाव्या लागल्या, पण तिथल्या एका बाईंनी शिक्के, सही, पाकीट सगळं नीट समजून घेऊन करून दिलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाच्या ऑनर्सचा पर्याय आहे. ज्यांचा बाहेर मास्टर्सला जायचा विचार पक्का आहे, त्यांनी त्या चौथ्या वर्षाचा जरूर विचार करावा.

शेवटी दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या सरकारी विद्यापीठाने प्रवेश दिला, पण अट घालून. माझी पदवी वाणिज्य शाखेची होती, म्हणून मास्टर्सच्या विषयांआधी बॅचलर्सच्या पातळीवरचे तीन विषय पुरे करायचे होते : रिक्रिएशन सेवांची ओळख, कार्यक्रमांचं नियोजन आणि क्रीडासंकुलांचं व्यवस्थापन. तिकडे याला ‘लेव्हलिंग कोर्सेस’ म्हणतात. प्रवेशपत्रात ही अट खाली एका ओळीत होती. त्या तीन विषयांची क्रेडिट मास्टर्सच्या ३६ क्रेडिटमध्ये धरली जाणार नाहीत, आणि त्यांची फी मात्र पूर्ण भरायची, हे मला तिथे पोचल्यावर सल्लागार प्राध्यापिकांनी सांगितलं. मी वहीत आकडेमोड केली. त्या रात्री घरी फोन केला नाही.

त्याच भेटीत त्यांनी माझ्यापुढे एक पानभर कागद ठेवला. त्यावर वर लिहिलं होतं ‘डिग्री प्लॅन’. पुढची दोन वर्षं मी त्या कागदावरच चालले, म्हणून त्याबद्दल नीट सांगते. एकूण ३६ क्रेडिट. त्यातले सक्तीचे विषय : संशोधन पद्धती, कायदा आणि जोखीम व्यवस्थापन, अर्थकारण, विश्रांती आणि करमणुकीचं समाजशास्त्र, संस्थेचं नेतृत्व. मग काही ऐच्छिक विषय. त्यानंतर इंटर्नशिप ६ क्रेडिट, ४०० तास. शेवटी प्रबंध किंवा सर्वसमावेशक लेखी परीक्षा, यातलं एक. सरासरी ग्रेड ४ पैकी ३ च्या खाली गेली तर आधी ताकीद, मग प्रवेश रद्द. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे पंधरा-सोळा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला तीन तास वर्ग, आणि त्याच्या किमान दुप्पट वेळ घरचं काम. व्हिसाच्या नियमाने मला पूर्णवेळ विद्यार्थी राहणं भाग होतं. आमच्याकडे मास्टर्सला त्याचा अर्थ सत्राला ९ क्रेडिट असा होता.

कागदाच्या कोपऱ्यात ‘कॅटलॉग वर्ष’ लिहिलं होतं. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेता, त्या वर्षीच्या नियमावलीतल्या अटी तुम्हाला लागू होतात. पुढे विभागाने अटी बदलल्या तरी तुमच्यावर त्या लादता येत नाहीत. माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाने एक सक्तीचा विषय वाढवला. नव्या मुलांना तो घ्यावा लागला, मला नाही. तो कागद सही करून माझ्याकडे होता, म्हणून कुणाशी वाद घालावा लागला नाही.

लेव्हलिंगच्या वर्गांत मी बॅचलर्सच्या मुलांबरोबर बसले, आणि त्यांच्या पदवीच्या अटी जवळून बघितल्या. बारावीनंतर जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. तिथे पहिली दोन वर्षं बऱ्याच अंशी सामान्य शिक्षणाची असतात. इंग्रजी लेखन, गणित, प्रयोगशाळेसह विज्ञान, अमेरिकेचा इतिहास किंवा राज्यव्यवस्था, कलेचा एखादा विषय. खेळाचं व्यवस्थापन शिकायला गेलेल्या मुलाला जीवशास्त्राचं जर्नल लिहावं लागतं. मुख्य विषयांत नुसतं पास होऊन भागत नाही, आमच्याकडे किमान ‘सी’ ग्रेड लागायची. एकूण क्रेडिटपैकी ठरावीक क्रेडिट वरच्या वर्गांतलीच हवीत, अशीही अट असते. माझ्या वर्गात शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता. अभ्यासात चांगला, शहराच्या क्रीडा विभागात नोकरीचं बोलणं झालेलं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेचं एक क्रेडिट कमी भरलं म्हणून त्याची पदवी एक सत्र पुढे गेली. त्याने तो विषय दुसऱ्या कॉलेजात केला होता आणि तिथला प्रयोगशाळेचा भाग इकडे धरला गेला नाही. तो वर्गात हे सांगत असताना बाकीची मुलं मोबाइलवर आपापला डिग्री प्लॅन उघडून बघत होती.

अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची, हाही प्रश्न विचारायला हवा. खेळाच्या व्यवस्थापनासाठी ‘कॉस्मा’ नावाची मान्यता देणारी संस्था आहे, आणि उद्यानं, रिक्रिएशन, पर्यटन या बाजूसाठी ‘सीओएपीआरटी’ आहे. ही दुसरी मान्यता फक्त बॅचलर्सच्या अभ्यासक्रमांना मिळते. बॅचलर्सला ४०० तासांची इंटर्नशिप लागते ती तिच्याच मानकांमुळे. आमच्या विभागाने तोच आकडा मास्टर्सलाही ठेवला होता. पुढे मला या मान्यतेचा परिणाम जाणवला. ‘सर्टिफाइड पार्क अँड रिक्रिएशन प्रोफेशनल’ ही तिकडच्या नोकऱ्यांत विचारली जाणारी परीक्षा आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून बॅचलर्स केलेल्याला ती लगेच देता येते. इतरांना आधी अनुभव दाखवावा लागतो. माझं बॅचलर्स बी.कॉम., त्यामुळे मी दुसऱ्या गटात.

शिक्षण कसं होतं, असंही लोक विचारतात. मनापासून सांगते, शिक्षण फार चांगलं होतं. विश्रांती आणि करमणुकीच्या समाजशास्त्राचा विषय मी घेतला तेव्हा तो नुसता पुस्तकी असेल असं वाटलं होतं. तोच सगळ्यात जास्त पुरला. १८८५ साली बॉस्टनमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचा ढीग टाकून खेळायची जागा केली, तिथपासून अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांची चळवळ कशी वाढली, हे तिथे शिकले. मग पोहण्याच्या तलावांचा इतिहास आला. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या तलावांत प्रवेश नव्हता. न्यायालयांनी भेदभाव थांबवायला सांगितल्यावर मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने सगळ्यांना आत घेण्याऐवजी आपले सार्वजनिक तलावच बंद करून टाकले. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालवूनही घेतलं. त्या तासाला मला आमच्याकडचा पाणवठा आठवला, महाड आठवलं. प्राध्यापिकांनी विचारलं तेव्हा मी चवदार तळ्याबद्दल वर्गात बोलले. १९२७ साल, बाबासाहेब, पाणी पिण्याचा साधा हक्क. वर्गातल्या दोन कृष्णवर्णीय मुली तास संपल्यावर थांबल्या आणि आणखी विचारत राहिल्या. मैदान कुणाचं, पाणी कुणाचं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. ज्याला या क्षेत्रात काम करायचं आहे त्याने आधी हे शिकायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचा विषय अवघड गेला. निष्काळजीपणा कशाला म्हणायचं, पालकांकडून सही करून घेतलेलं जबाबदारीमुक्तीचं पत्र न्यायालयात किती टिकतं, तुटलेल्या बाकावरून प्रेक्षक पडला तर जबाबदार कोण. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींच्या खेळाला काय मिळालं आणि १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्याने स्टेडियमची रचना कशी बदलली, हे त्याच विषयात होतं. एका गृहपाठात मी खो-खोचं मैदान घेतलं आणि चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाला ते कुठून दिसेल, याचा नकाशा काढला. सांगलीत असा विचार आम्ही कधी केला नव्हता.

पैशाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला तो असिस्टंटशिपमुळे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत ‘कॅम्पस रिक्रिएशन’ नावाचा विभाग असतो. विद्यार्थ्यांच्या आपसातल्या स्पर्धा, व्यायामशाळा, तलाव हे सगळं तो विभाग बघतो. या कामाची देशपातळीवरची संघटना १९५० साली न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतल्या क्रीडा संचालकांनी सुरू केली होती. कॅम्पस रिक्रिएशन विभागात मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तासांचं काम मिळतं. बदल्यात मासिक स्टायपेंड आणि फीमध्ये माफी. ही जागा मला नागपूरच्या एका ताईमुळे कळली. ती दुसऱ्या विषयात पीएच.डी. करत होती. ती म्हणाली, “अगं, तुझ्या विभागाकडे नको विचारू, कॅम्पस रिककडे जा. त्यांना हिशेब येणारी माणसं लागतात.” मी गेले. मंडळाच्या स्पर्धांचे जुने जमाखर्च आणि ड्रॉ यांचे फोटो दाखवले. पुढच्या सत्रापासून मला घेतलं.

काम संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालायचं. फ्लॅग फुटबॉलचे सामने लावणं, पंच म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाळ्या, दिवे, प्रथमोपचाराची पेटी, कुणी पडलं तर त्याच रात्री अपघाताचा अहवाल. सामना संपल्यावर मैदान रिकामं झालं की घरची फार आठवण यायची. भारतात तेव्हा सकाळ असायची. आई पोळ्या करताना फोन स्पीकरवर ठेवायची आणि मी चालत खोलीवर जायची. पण मी जे शिकले त्यातलं निम्मं या कामात शिकले. फीमाफीची एक मर्यादा मात्र सगळ्यांनी आधी विचारून घ्यावी. ती फक्त पदव्युत्तर विषयांना आणि फक्त दोन मुख्य सत्रांना होती. लेव्हलिंगचे विषय तिच्यात बसले नाहीत, आणि उन्हाळाही बसला नाही.

आणि इंटर्नशिप तर उन्हाळ्यात. ४०० तास म्हणजे आठवड्याला ४० तास धरले तर दहा आठवडे. आमच्या विभागात सगळे पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ती करायचे. इंटर्नशिपची ६ क्रेडिट म्हणजे ६ क्रेडिटची फी. मी विनावेतन काम करणार आणि त्यासाठी विद्यापीठाला फी भरणार, हे बाबांना फोनवर समजावताना मला शब्द सापडेनात. ते म्हणाले, “बाळा, नियम आहे ना? मग भरू. तू काम बघ.” त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं, हे मला नंतर कळलं.

जवळच्या एका शहराच्या उद्यान विभागाने मला घ्यायचं कबूल केलं. मग कागदपत्रं सुरू झाली. विद्यापीठ आणि ते शहर यांच्यात करार व्हायला हवा होता, आणि तो दोन्हीकडच्या वकिलांकडे अडकला. मी लहान मुलांबरोबर काम करणार म्हणून बोटांचे ठसे आणि गुन्हेगारी नोंदींची तपासणी झाली. त्यात भारतातलं पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रही मागितलं. ते भारतीय वकिलातीमार्फत मागवावं लागलं. सीपीआर आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, डोक्याला मार लागल्यावर काय करायचं याचं ऑनलाइन प्रशिक्षण, आणि गाडी चालवायचा परवाना. हा परवाना कुठल्याही अटीच्या यादीत नव्हता. पण उद्यानं गावाबाहेर होती, बस नव्हती, आणि एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर विभागाची गाडी घेऊन जायचं होतं. नागपूरच्या ताईने रविवारी दुकानांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला शिकवलं.

सगळ्यात मोठी अडचण व्हिसाची होती. परदेशी विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर इंटर्नशिप करायला ‘सीपीटी’ नावाची परवानगी लागते. साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर ती मिळते, आणि आय-२० या कागदावर संस्थेचं नाव आणि तारखा छापून येतात. त्या तारखेच्या आधी एक दिवसही काम केलं तर व्हिसा धोक्यात. करार झाल्याशिवाय विभाग पत्र देईना, आणि पत्राशिवाय आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय परवानगी देईना. बरोबरची अमेरिकी मुलं मे महिन्यात कामावर लागली. मी मात्र करार होईपर्यंत, म्हणजे जून अर्धा संपेपर्यंत, खोलीत बसून होते. उन्हाळी सत्र ऑगस्टच्या सुरुवातीला संपणार होतं. ४०० तास भरणं शक्यच नव्हतं. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती.

मार्ग सांगितला तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने. त्याने विचारलं, इंटर्नशिप एकाच सत्रात करायची, असं कुठे लिहिलं आहे का? आम्ही नियमावली उघडली. लिहिलेलं नव्हतं. ३ क्रेडिट उन्हाळ्यात आणि ३ पुढच्या सत्रात, अशी विभागणी करता येत होती. पुढच्या सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंतची अर्धवेळ सीपीटी मिळाली. शिवाय त्या ३ क्रेडिटना असिस्टंटशिपची फीमाफी लागू झाली, म्हणजे उन्हाळ्याचा खर्चही निम्म्यावर आला. सल्लागार प्राध्यापिकांनी त्याच दिवशी सही केली. परदेशी विद्यार्थ्यांनी ही विभागणी पहिल्यापासूनच मागावी, असं मी आता सगळ्यांना सांगते.

इंटर्नशिपचं काम मला मनापासून आवडलं. सकाळी लवकर बेसबॉलच्या मैदानाच्या रेषा मारायच्या. दिवसभर मुलांचं उन्हाळी शिबिर. दुपारी तलावावर ज्येष्ठांचे पाण्यातले व्यायाम. मेघगर्जना ऐकू आली की सगळ्यांना तलावाबाहेर काढायचं, आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटं कुणालाही आत सोडायचं नाही. पालक कितीही चिडले तरी. हा नियम पाळताना पहिल्यांदा माझा आवाज कापत होता. माझ्या वरिष्ठ बाई शेजारी उभ्या राहिल्या, पण मध्ये बोलल्या नाहीत. एक ऐंशी वर्षांच्या आजी रोज यायच्या. लहानपणी त्यांना याच गावच्या तलावात उतरू दिलं नव्हतं, हे त्यांनी एकदा काठावर बसून सांगितलं. वर्गात वाचलेलं असं समोर आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी प्रबंधाऐवजी लेखी परीक्षा दिली. प्रत्येक सक्तीच्या विषयावर एक दीर्घ प्रश्न होता. पदवीदानासाठी वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क असतं, आणि त्याची मुदत शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच संपते. तो अर्ज केला की विद्यापीठ तुमचा डिग्री प्लॅन तपासतं. २०२४ च्या मे महिन्यात पदवी मिळाली. सांगलीत सगळ्यांनी मोबाइलवर समारंभ बघितला. बाबा काही बोलले नाहीत, आईने त्यांच्याकडे फोन फिरवला तेव्हा ते चष्मा पुसत होते.

नोकरीचं सांगायला हवं, कारण कर्ज फेडायचं असतं. शिक्षणानंतर कामासाठी ‘ओपीटी’ची १२ महिन्यांची मुदत मिळते, आणि त्यात बेरोजगारीचे ९० दिवसच चालतात. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळते ती वाढीव मुदत या विषयाला नाही. मला एका सामाजिक संस्थेच्या क्रीडाकेंद्रात काम मिळालं. पुढे नोकरीच्या व्हिसासाठी मी ज्या शहरांच्या उद्यान विभागांत विचारलं, त्या सगळ्यांनी नकार दिला. त्यांचं वागणं सभ्य होतं, पण परदेशी माणसासाठी ती खटपट करायची त्यांची पद्धतच नव्हती. २०२५ मध्ये मी परत आले.

सध्या पुण्यातल्या एका क्रीडासंकुलात काम करते. स्पर्धांचं नियोजन, सुरक्षितता आणि वेळापत्रक माझ्याकडे आहे. पगारातून कर्जाचा हप्ता जातो. शिकलेलं रोज उपयोगी पडतं. मुलींच्या संघांची उतरायची जागा मी स्वतः आधी जाऊन बघते.

फोन करणाऱ्या पालकांना मी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. मुलाला शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर या पदवीचा उपयोग नाही. त्यासाठी आपल्याकडे बी.पी.एड. लागतं. ते दोन वर्षांचं आहे, त्याची सीईटी आणि मैदानी चाचणी असते, आणि त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. व्यवस्थापनच शिकायचं असेल तर तेही आता इथे शिकता येतं. मुंबई विद्यापीठाची स्पोर्ट्स मॅनेजमेंटची बॅचलर्स पदवी आहे, पुण्यात सिम्बायोसिसचं स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं एमबीए आहे. आयोजन, प्रायोजक, संघांचं व्यवस्थापन यात रस असेल तर आधी तिथे जाऊन चौकशी करा. सार्वजनिक मैदानं, तलाव, उद्यानं, सगळ्या वयाच्या लोकांचं खेळणं हे शिकायचं असेल तर मात्र अमेरिकेत या कामाचा शंभर वर्षांपेक्षा जास्त काळाचा अनुभव साठलेला आहे, आणि तिथे जाणं मला आजही योग्य वाटतं.

जायचंच ठरलं तर अर्जाचं शुल्क भरायच्या आधी विभागाला ई-मेल करून त्या वर्षाचा डिग्री प्लॅन मागवा. तो फुकट मिळतो आणि एक-दोन पानांचाच असतो. तीन वर्षांची पदवी चालते का, लेव्हलिंगचे विषय किती, इंटर्नशिप दोन सत्रांत विभागता येते का आणि उन्हाळ्याची फी कोण भरणार, या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. आमच्या विभागाने मला अशा ई-मेलचं उत्तर दुसऱ्याच दिवशी दिलं असतं, हे मी तिथे शिकताना स्वतः पाहिलं आहे.